१३ टक्क्यांच्या आत काय आहे?

आज आपण एकच शोधनिबंध घेऊन बसणार आहोत. घरून काम हा विषय निघाला की 'उत्पादकता १३ टक्क्यांनी वाढते' हे वाक्य कुणीतरी टाकतंच. आम्हीही टाकलंय. २०२० मध्ये एका टीमला घरून कामाची सवय लावण्याची जबाबदारी आमच्यावर आली, तेव्हा पहिल्याच स्लाइडवर हा आकडा होता. मूळ निबंध मात्र आम्ही दोन वर्षांनी वाचला, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली.

निकोलस ब्लूम, जेम्स लियांग, जॉन रॉबर्ट्स आणि झीचुन जेनी यिंग यांचा हा निबंध २०१५ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आला. प्रयोग शांघायमधला, सी-ट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधला. (लियांग हे त्याच कंपनीचे सहसंस्थापक, हेही ध्यानात असू द्या.) स्वतःहून तयार झालेल्यांपैकी निकषांत बसणारे २४९ जण घेतले. वाढदिवसाची तारीख सम असेल तर घरी, विषम असेल तर ऑफिसात. नऊ महिने. प्रयोगाची रचना चोख आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती आपल्या वाचण्याबद्दल. त्या १३ पैकी साधारण ९ टक्के आले कुठून? माणसं जास्त मिनिटं कामावर राहिली म्हणून. मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेले ४ टक्के मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे, कारण घरी शांतता होती. म्हणजे मोठा वाटा जास्त वेळ बसण्याचा! आम्ही मात्र तो हुशारीचा म्हणून सांगत होतो.

आणि शांतता का होती? निकष बघा: घरात स्वतंत्र खोली हवी, ब्रॉडबँड हवं, नोकरीत सहा महिने झालेले हवेत. शिवाय आठवड्यातला एक दिवस ऑफिसातच. आमच्या टीममधली एक मुलगी डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये, ओट्याशेजारी स्टूल टाकून बसायची. कुकरची शिट्टी झाली की म्यूट. आम्ही तिला काय दिलं, तर हेडफोन. आणि वर नियम केला की कॅमेरा चालू ठेवायचा. आता आठवलं की कसंतरी होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॉल सेंटरचं काम ज्याचं त्याचं असतं, कॉल मोजता येतात. या निबंधात माणसं आहेत, पण एकमेकांवर अवलंबून काम करणारी टीम नाहीच. आमच्याकडे नवा मुलगा शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारायचा, 'अरे, हे असं का केलंय?' ते विचारणं बंद पडलं आणि आम्हाला कळलंही नाही, कारण ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं. पुढे आम्ही प्रत्येक निर्णय कारणासकट लिहून ठेवायला लागलो. थोडा फरक पडला. पण नवा माणूस लिहिलेलं वाचतो. काय विचारायचं हेच ठाऊक नसेल तर वाचून तरी काय करणार?

लेखकांनी काही लपवलेलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्मं झालं, हे ते सांगतात. आणि तेवढंच काम करूनही घरच्यांना बढती कमी मिळाली, हेही सांगतात. प्रयोगानंतर पुन्हा निवड करायला दिली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपली बाजू बदलली. एकटेपणाची तक्रार होतीच. हे सगळं निबंधात आहे, आमच्या स्लाइडवर नव्हतं.

ऑफिस उघडल्यावर त्या मुलीनं एकच मागितलं होतं: आठवड्यातले दोन-तीन दिवस बसायला एक खुर्ची. ती द्यायला आम्हाला सात महिने लागले. ब्लूम आणि लियांग यांचाच, रुओबिंग हान यांच्यासोबतचा, २०२४ चा निबंध 'नेचर'मध्ये आहे. त्याच कंपनीतले १,६१२ जण, आठवड्यातले दोन दिवस घरून. तिथे बढतीवर परिणाम दिसत नाही आणि राजीनामे एक तृतीयांशानं घटतात. पुढच्या वेळी तोच घेऊ, या वेळी निकषांपासून सुरुवात करून.