नव्वद मिनिटांचं स्वयंपाकघर

सिंकमध्ये अर्धवट सोललेले बटाटे. इस्त्रीसाठी मांडलेलं टेबल. गॅसचे नॉब सुरू. आणि जमिनीवर एक बाई, मेलेली. हे सगळं एका फुटाला एक इंच या मापात.

'नटशेल स्टडीज ऑफ अनएक्सप्लेन्ड डेथ' या मालिकेतला हा एक देखावा. शिकागोच्या गर्भश्रीमंत घरातल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४०च्या दशकात ही बाहुलीघरं घडवली, ती पोलिसांना तपास शिकवण्यासाठी. १९४५पासून हार्वर्डच्या प्रशिक्षणवर्गात ती वापरली जाऊ लागली. त्यातली १८ आज बाल्टिमोरच्या मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयात आहेत आणि अजूनही शिकवायला वापरतात. शिकणाऱ्याला साक्षीदाराचा जबाब आणि पाहायला ९० मिनिटं मिळत. बहुतेक उत्तरं आजही गुप्त आहेत.

गुप्ततेमुळेच इंटरनेटवर या देखाव्यांचं कोडं झालंय: खुनी ओळखा, शेअर करा. मला हे वाचन तोकडं वाटतं. कोड्यात प्रत्येक वस्तू कामाची असते. इथे तसं नाही. लीबाईंनी बाहुल्यांचे मोजे स्वतः विणले, भिंतीवरची कॅलेंडरं लावली. यातलं बरंचसं पुरावा नाहीच. तरीही ते पाहावं लागतं, कारण कामाचं काय हे आधी कळत नाही. आमच्या धंद्यात बग आला की पहिला प्रश्न येतो, 'कोड कोणाचा?' लॉग नंतर उघडतात. ही पेटी नेमका तोच क्रम उलटा करते. आधी खोली, मग माणूस. जबाबसुद्धा खरा, चुकीचा किंवा मुद्दाम खोटा असू शकतो, हे गृहीत धरायचं.

आता मेलेलं कोण आहे ते पाहा. बहुतेक बायका; कुणी दारुडा; बरीचशी घरं साधी, गरीब. म्हणजे ज्यांच्या मरणावर 'आत्महत्या' किंवा 'अपघात' लिहून फाईल पटकन बंद करता येते, अशी माणसं. नव्या डिटेक्टिव्हला त्यांच्या स्वयंपाकघरासमोर दीड तास उभं करणं हा मला या कलाकृतीचा खरा राजकीय मुद्दा वाटतो. बटाटे सोलता सोलता कुणी मरायचं ठरवतं का, हा प्रश्न विचारायला आधी ते बटाटे दिसावे लागतात.

पण एक उणीव मोठी आहे. पाहणारा कायम काचेबाहेर, राक्षसाएवढा, आणि आतलं कुणी त्याला उलट बोलत नाही. तपासात अन्याय होतो तो बहुधा जिवंत माणसासमोर: कोठडीत, चौकशीच्या टेबलावर. पेटीत संशयित नाही, त्यामुळे घाईने कुणाला धरण्याचा मोहही नाही. नजर तयार होते, हात आवरायला शिकवणारा देखावा मात्र या १८ पेट्यांत नाही.

फोनवर फोटो उघडलेत तर उत्तर शोधू नका. दाराच्या डावीकडून सुरुवात करा आणि हळूहळू मध्यापर्यंत या. ती बाई शेवटी दिसली पाहिजे.