‘तीसरी कसम’मधील दोन सीमा

फणीश्वरनाथ रेणू (१९२१–१९७७) यांच्या भाषेचा ‘आंचलिक’ म्हणून गौरव करण्याची रीत रूढ आहे. परंतु या विशेषणामुळे बोली ही केवळ स्थानिक रंगाची बाब ठरते आणि कथेच्या अर्थरचनेतील तिचे कार्य नजरेआड होते. ‘ठुमरी’ (१९५९) या संग्रहातील ‘तीसरी कसम’ ही कथा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

कथेतील प्रवास फारबिसगंजच्या जत्रेकडे होतो. नेपाळच्या सीमेलगतचे हे बाजारगाव तेव्हा पूर्णिया जिल्ह्यात होते. १९९० पासून ते अररिया जिल्ह्यात मोडते. जवळच जोगबनी, आणि सीमेपलीकडे विराटनगर. गाडीवान हिरामनने नेपाळच्या मोरंग भागातून भात व लाकूड वाहिले आहे. नियंत्रणाच्या काळात चोरबाजाराचा मालही सीमेपार नेला आहे. पोलिसांनी गाडी अडविताच ती तेथेच टाकून तो बैलांसह निसटतो आणि पहिली शपथ घेतो. राजकीय सीमेचे कथेतील कार्य येथे संपते.

दुसरी सीमा भाषेची आहे. नौटंकीतील हीराबाई गाडीत बसल्यावर हिरामनपुढे प्रश्न उभा राहतो : तिला ‘तोहे’ म्हणावे की ‘अहाँ’? ‘कचराही’, म्हणजे कचेरीच्या, बोलीत कामापुरते बोलता येते. मन मोकळे करावयास गावचीच बोली लागते, अशी त्याची धारणा आहे. मैथिलीत आदराचे भेद सर्वनामाप्रमाणेच क्रियापदातही व्यक्त होतात. त्यामुळे नाते ठरविल्याविना वाक्यच पुरे होत नाही. नामसाम्यावरून आलेले ‘मीता’ हे संबोधन तो पेच सोडविते.

निरोपाच्या वेळी हीराबाई आपली स्थिती हिरामननेच ऐकविलेल्या महुआ घटवारिनच्या कथेतून सांगते : सौदागराने महुआला विकत घेतले आहे. म्हणजे भाषेची सीमा तिने ओलांडली. बाजाराची मात्र तिला ओलांडता आली नाही. कथेचे कारुण्य या विसंगतीत आहे.

म्हणून मराठी अनुवादकाने दोन्ही बोली एकाच प्रमाणभाषेत सपाट केल्यास केवळ विफल प्रेमाची कहाणी उरेल. ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ हे भेद मराठीत उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणता, केव्हा आणि कोणाच्या मुखी, हा निर्णय येथे शैलीचा नसून अर्थाचा आहे.