तुसाची पोकळी

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात लोक हस्तिदंती मूर्तीपाशी रेंगाळतात. माझे पाय मात्र विटेपाशी अडतात. पाण्यावर तरंगणारी वीट ही तेरची ख्याती. मातीत भाताचे तूस कालवले, भट्टीत ते जळाले आणि त्याच्या जागी पोकळी उरली. वजन हलके झाले ते त्या पोकळीमुळे.

हेच तूस मला जरबेराच्या वाफ्यात भेटते. लाल माती, कुजलेले शेणखत आणि तूस. या मिश्रणाची मूठ आवळावी. लाडू वळला पाहिजे आणि टिचकी मारताच फुटलाही पाहिजे. वळलाच नाही तर पाणी टिकत नाही. फुटला नाही तर मुळे गुदमरतात. लाल माती धरते, शेणखत पोसते, तूस मात्र नुसती जागा करून देते. त्यात सिलिका भरपूर, म्हणून ते सावकाश कुजते. दोन-तीन वर्षे वाफ्यात राहणाऱ्या पिकाला असाच सोबती हवा. (कच्चे तूस कुजताना नत्र खाते, हा त्याचा एक खोडकरपणा.)

तेरणाकाठची काळी माती ज्वारीची माय, पण जरबेराची सावत्र. ओली झाली की फुगते, चिकटते. शिवाय चुनखडीने सामू आठाकडे जातो. जरबेराला हवा साडेपाच ते साडेसहा. त्यापुढे लोह मुळांना मिळेनासे होते आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात. मातीला पर्याय म्हणून येणारे कोकोपीट हलके, देखणे. पण न धुता वापरले तर त्यातले मीठ आधी मुळांवर उठते. मला ते जरा बेचव वाटते. त्याला स्वतःचे काही म्हणणे नसते, सगळे खतातून पाजावे लागते.

तेर संत गोरोबाकाका कुंभारांचे. कुंभार चिखल तुडवतो तो आतली हवा काढायला. हवा राहिली तर मडके भट्टीत तडकते. फूलवाला त्याच हवेसाठी वाफा दीड फूट उंच करतो आणि त्यावर कोणाला पाय ठेवू देत नाही. काकांनी मडकी पारखावीत तशी संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेव कच्चे ठरले, अशी कथा आहे. वाफ्यावर थापटणे चालवले तर निकाल उलटा लागेल: जे घट्ट वाजेल, ते नापास.

जरबेरा लावतानाही रोपाचा गाभा मातीच्या वर बोटभर उघडा ठेवतात. गाडला गेला तर कुजतो.