‘साप उपाशी राहतो, काळजी नको’

आज चिकित्सेला घेतलेला सल्ला खोटा नाही, आणि पंचाईत तिथेच आहे. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान चणीचा अजगर. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये तो पुष्कळ लोक हौसेनं पाळतात. पिल्लू घरी येतं, तीन आठवडे उंदराकडे बघतही नाही. मालक घाबरून विचारतो. उत्तर मिळतं: ‘साप महिनोन्‌महिने उपाशी राहतो. आमच्यानं पाच महिने खाल्लं नव्हतं, आता मस्त आहे.’

बोलणारा प्रामाणिक आहे बरं का. पण त्याचा साप वयात आलेला, किलोभर वजनाचा नर. विणीच्या हंगामात असे नर खाणं सोडतात. अंगातल्या चरबीवर निभावतं. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू साठ-सत्तर ग्रॅमचं. त्याच्याकडे साठा तो किती? एकाला धीर देणारं वाक्य दुसऱ्याचे हाती असलेले आठवडे खाऊन टाकतं.

हा घोटाळा आपल्याला नवा नाही. नागपंचमीला नाग दूध पितो, हे कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गारुड्यानं त्याला आधी तहानलेला ठेवलेलं असतं, तेवढं मात्र दिसत नाही. पाहिलेलं खरं असतं, पण ते कुठल्या अटीवर घडलं हे गळून जातं. पिल्लांच्या संगोपनाचे बरेच सल्ले आम्हांला याच जातीचे वाटतात.

उलटीचंच घ्या. पिल्लानं गिळलेला उंदीर बाहेर टाकला, की कुणीतरी सांगतं, ‘उद्या परत द्या, भूक लागली असेल.’ सापाला पचनासाठी ऊब बाहेरून मिळावी लागते. बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू एकतीस-बत्तीस अंश सेल्सिअस आणि दुसरी सव्वीसच्या आसपास हवी. ऊब कमी पडली की भक्ष्य पोटात तसंच राहतं आणि उलटून येतं. अशा वेळी आधी तापमान तपासायचं आणि पोटाला दहा-चौदा दिवस विश्रांती द्यायची. फ्लोरिडातल्या उकाड्यात बसलेल्या सल्लागाराला ऊब हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. आणि ‘पेटीखाली हीटर ठेवा’ म्हणणारा थर्मोस्टॅट विसरला, तर पिल्लाचं पोट भाजतं.

दुसऱ्या टोकाचा सल्ला म्हणजे तोंड उघडून भरवा. नवख्या हातांनी तोंडाला, अन्ननलिकेला इजा होते; भेदरलेलं पिल्लू आणखीच खात नाही.

चांगला सल्लाही असतो, तोही सांगायला हवा. कॉर्न स्नेकची पिल्लं रानात पाली-सरडे, झाडावरचे बेडूक खातात. पाळीव पिल्लाला उंदराचं गुलाबी पिल्लू हे अन्न आहे, असं वाटतच नाही कधीकधी. म्हणून जाणकार त्याला सरड्याचा वास चोळून देतात. इथे कुठला साप, कुठलं वय आणि का, हे तिन्ही आलं.

(आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. घरात पिल्लू निघालं तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा, त्याला भरवत बसू नका.)

मालकानं मग करायचं काय? स्वयंपाकघरात असतो तसला ग्रॅम दाखवणारा काटा घ्यायचा, दर आठवड्याला पिल्लाचं वजन वहीत लिहायचं. पेटीत लपायला जागा आहे ना, ऊब नीट आहे ना, हे पाहायचं. हे सगळं ठीक असून आकडा उतरतच राहिला, तर ती वही घेऊन सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जायचं, पाच महिने थांबायचं नाही.