पूर्वजांचं पान आणि प्रथिनांचे दोन हिशेब

इथल्या मराठी मंडळांत साठीच्या आसपासची माणसं जमली की हल्ली निवृत्तीच्या पैशांच्या जोडीने आणखी एक आकडा निघतो: रोज प्रोटीन किती? कुणी थालीपिठाच्या भाजणीत सोयाबीनचं पीठ मिसळतं, कुणी सकाळी चहाआधी व्हे पावडर ढवळतं. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "आपले आजोबा वरण-भात खाऊन नव्वदीपर्यंत जगले की!" या वादात दोन पुस्तकांची नावं वारंवार ऐकली, म्हणून ती पाठोपाठ वाचली. पीटर अटिया यांचं 'आउटलिव्ह' (२०२३) आणि व्हाल्टर लाँगो यांचं 'द लाँजेव्हिटी डाएट' (२०१८). एक डॉक्टर, दुसरा वार्धक्यावर संशोधन करणारा शास्त्रज्ञ. दोघांचाही विषय एकच, दीर्घ आणि निरोगी आयुष्य. पण सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला किती प्रथिनं खावीत हे विचारलं, तर अटिया यांच्या हिशेबाने उत्तर येतं सुमारे १५४ ग्रॅम आणि लाँगो यांच्या हिशेबाने सुमारे ५० ग्रॅम. फरक तिपटीचा आहे!

अटिया यांचं पुस्तक अधिक वाचनीय आहे. स्वतः पूर्वी उपास आणि केटो यांचे कट्टर पुरस्कर्ते होतो आणि मग मत बदललं, हे ते मोकळेपणाने सांगतात. आहाराबद्दल कोणताही पंथ न सांगता ते रुग्णाबद्दल तीन प्रश्न विचारतात: खाणं गरजेपेक्षा जास्त आहे की कमी? स्नायू पुरेसे आहेत का? आणि साखर, चरबी हाताळण्याची शरीराची यंत्रणा ठीक आहे का? शंभरीत काय काय करता यायला हवं याची त्यांनी एक यादी दिली आहे. त्यात जास्तीत जास्त एका हाताचा आधार घेऊन जमिनीवरून उठता यावं, असंही आहे. सत्यनारायणाच्या पूजेनंतर पाटावरून उठताना आपण कुणाचा तरी हात शोधतो, ते आठवलं आणि ही ओळ मला लागली. म्हातारपणी पडणं, हाड मोडणं आणि मग अंथरुणाला खिळणं ही साखळी स्नायू झिजल्याने सुरू होते, हे त्यांचं म्हणणं बिनतोड आहे.

पण पौंडामागे एक ग्रॅम हा त्यांचा आकडा तितका बिनतोड नाही. वजनं उचलणाऱ्या लोकांवरच्या ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं वाढवून स्नायूंत सरासरीने आणखी भर पडत नाही, असं त्यात दिसलं. अटिया यांची किमान मर्यादा तिथेच आहे. सुचवलेला आकडा त्याच्या बराच वर, २.२ ग्रॅमवर आहे. शिवाय हे सगळे लोक व्यायाम करणारे होते. सोफ्यावर बसून प्यायलेल्या शेकमधली जास्तीची प्रथिनं स्नायू न होता इंधन म्हणून जळतात.

लाँगो यांचा सूर उलटा आहे. त्यांच्या मते भरपूर प्रथिनं वाढीची यंत्रणा सतत चालू ठेवतात, आणि वाढ चालू राहिली की म्हातारपण आणि कर्करोग यांनाही वाव मिळतो. एक्वाडोरमधल्या, वाढीच्या संप्रेरकाला शरीर दादच देत नाही अशा ठेंगण्या माणसांत मधुमेह आणि कर्करोग विरळा आढळतात, हा त्यांचा आवडता पुरावा. त्यांच्या २०१४ च्या अभ्यासात ५० ते ६५ वयातल्या, जास्त प्रथिनं खाणाऱ्या लोकांत कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे चौपट दिसले. प्रथिनं वनस्पतींतून आलेली असली की हा संबंध पुसट होत होता, आणि पासष्टीनंतर चित्र चक्क उलटत होतं. आकडे धक्कादायक आहेत, पण लोकांचा आहार एका दिवसाच्या आठवणीवरून नोंदला होता आणि त्यावरून पुढच्या अठरा वर्षांचा हिशेब मांडला. काल काय खाल्लं ते सांगा, आणि आम्ही तुमचं भविष्य सांगतो, असाच हा प्रकार!

दोघांच्या दुकानाचाही उल्लेख करायला हवा. उपवाससदृश आहाराच्या पेट्या विकणारी एल-न्यूट्रा ही कंपनी लाँगो यांनी स्थापन केली. अटिया यांनी डेव्हिड या प्रोटीन बारच्या कंपनीत पैसे गुंतवले. म्हणून त्यांचं विज्ञान खोटं ठरत नाही, पण आकडा वाचताना हे लक्षात असावं.

स्रोताच्या प्रश्नावर पुरावा जास्त स्थिर आहे. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यसेवकांच्या दोन मोठ्या पाहण्यांत १,३१,३४२ लोकांचा आहार वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा नोंदला गेला. २०१६ मध्ये आलेला निष्कर्ष असा की वनस्पतींतून जास्त प्रथिनं घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि प्राण्यांपासूनच्या प्रथिनांचा तोटा मुख्यतः धूम्रपान, लठ्ठपणा, बैठेपणा अशी एखादी तरी जोखीम असलेल्यांत दिसला. याही पाहण्या निरीक्षणाच्याच आहेत, प्रयोग नव्हेत. पण डाळी-कडधान्यांच्या बाजूने कौल वारंवार येतो, आणि इथे लाँगो यांची बाजू वरचढ आहे.

लाँगो यांचा एक सल्ला आपल्याला गोड वाटणारा आहे: आपल्या पूर्वजांच्या पंगतीत जेवा. इटलीत भूमध्य समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला हे सोपं आहे. आपलं काय?

इथे तिसरा माणूस आठवावा लागतो, जो या दोन्ही पुस्तकांत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. रोमच्या अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभाग सांभाळला. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर 'प्रथिनांचं संकट' येत असल्याचा इशारा दिला होता. सुखात्मे म्हणाले, भारतात ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांना मुळात अन्नच कमी पडतं. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनं बहुतेकांना आपोआप पुरतात, आणि पोटच भरत नसेल तर खाल्लेली प्रथिनंही इंधन म्हणून जळून जातात. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्या सगळ्या गाजावाजाला 'फियास्को' म्हणणारा लेख आला.

सुखात्म्यांचा हा हिशेब एडिसनला किंवा फ्रीमाँटला आणून पाहा. धान्य आणि डाळीच्या शाकाहारी जेवणात दहा-अकरा टक्के ऊर्जा प्रथिनांतून येते. शेतात राबणारा आजोबा दिवसाला २,५०० कॅलरी खात असेल, तर त्याला जवळजवळ ७० ग्रॅम प्रथिनं मिळत. त्याच प्रमाणाचं जेवण निवृत्त नातू १,५०० कॅलरींचं जेवला, तर मिळतात ४० ग्रॅम. आजोबांना प्रथिनं अन्नाच्या राशीतून मिळत होती आणि ती रास पचवण्याइतके कष्ट ते करत होते. आपण कष्ट काढून टाकले, म्हणून रास कमी करावी लागली, आणि ताटातलं प्रमाण मात्र तेच ठेवलं. पूर्वजांचं पान जसंच्या तसं उचलून इथल्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं की ते पूर्वजांचं राहत नाही.

ते पान तिथेही सर्वांना पुरत होतं असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची मोजमापं घेतली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, पण त्यांची चरबी टिकून होती आणि स्नायूच कमी होते. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी यडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांवरच्या 'मसाला' अभ्यासातही हेच दिसतं. इतर वंशांच्या अमेरिकनांपेक्षा आपल्यात स्नायू कमी, पोटातली आणि यकृतातली चरबी जास्त. अटियांच्या तीन प्रश्नांना आपल्यातल्या अनेकांची उत्तरं वाईट येतात, आणि शर्टाचं माप मात्र 'मीडियम'च असतं.

मग माप कोणतं धरावं? वृद्धांच्या आहारावरच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये पासष्टीपुढे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवलं. साठ किलोच्या आजीला ६० ते ७२ ग्रॅम. तिच्या दिवसात चार पोळ्या, दोन वाट्या पातळ वरण, थोडा भात, वाटीभर दही आणि चहातलं दूध असेल, तर बेरीज चाळिसाच्या आसपास थांबते. राहिलेले वीस-तीस ग्रॅम पातळ वरणातून भरायचे तर आणखी पाच-सहा वाट्या लागतील. तेच एका डब्यातल्या ग्रीक योगर्टमधून सोळा-सतरा ग्रॅम मिळतात, आणि ते आपल्या श्रीखंडाच्या चक्क्याचंच बिनसाखरेचं भावंड आहे. घट्ट मटकीची उसळ, टोफू, अंडं चालत असेल तर अंडं, मालवणच्या घरात वाढलेल्याला बांगडा. पण हे सगळं ताटात येताना एखादी पोळी आणि भाताची मूद बाहेर गेली पाहिजे. उपासाला साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं असतात ती शेंगदाण्याची, हेही लक्षात असलेलं बरं. आणि आपल्यात मधुमेह इतका, की आकडा वाढवण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. त्याचं काम मंदावलं असेल तर जास्त प्रथिनं अपायकारक ठरू शकतात.

'आउटलिव्ह'मधली व्यायामाची प्रकरणं वाचावीत आणि प्रथिनांचा आकडा मागे ठेवावा. 'द लाँजेव्हिटी डाएट'मधून डाळी घ्याव्यात आणि पासष्टीनंतर प्रथिनं वाढवा हे त्यांचंच वाक्य विसरू नये. पूर्वजांची पंगत मांडायचीच असेल तर ती जमिनीवर मांडावी. जेवण झाल्यावर हात न टेकता उठता आलं, तर पान बरोबर वाढलंय असं समजायला हरकत नाही.