वर्णपट, गुणांक आणि पुरावा : टी. रेक्सच्या प्रथिनांवरील वादाचे परीक्षण

मास स्पेक्ट्रोमेट्री प्रथिनाचे नाव सांगत नाही. ट्रिप्सिनने तोडलेल्या पेप्टाइडचे व त्याच्या तुकड्यांचे वस्तुमान आणि विद्युतप्रभार यांचे गुणोत्तर ती मोजते. हे आकडे ज्ञात अनुक्रमांच्या संग्रहाशी ताडून संगणक प्रत्येक जुळणीला गुणांक देतो. म्हणजेच प्रथिनाची ‘ओळख’ हे मापन नसून अनुमान असते. या दृष्टीने एका गाजलेल्या वादाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

२००७ साली जॉन असारा, मेरी श्वाइट्झर व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये ६.८ कोटी वर्षांपूर्वीच्या टायरॅनोसॉरस रेक्सच्या हाडात कोलॅजनचे पेप्टाइड आढळल्याचे मांडले. २००८ मध्ये पावेल पेव्झनर व सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला. हजारो वर्णपट प्रचंड संग्रहाशी ताडल्यास काही चांगले गुणांक निव्वळ योगायोगानेही मिळतात, हा त्याचा गाभा होता. पुढे मूळ वर्णपट खुले झाले. २००९ मध्ये मार्शल बर्न व सहकाऱ्यांनी वेगळ्या शोधप्रणालीने त्यांचे पुनर्विश्लेषण केले. त्यांना प्रयोगशाळेतील नेहमीची दूषके, मातीतील जीवाणू आणि पक्ष्यांसारखे कोलॅजन व हिमोग्लोबिन यांच्या खुणा मिळाल्या.

या वादात दोन भिन्न प्रश्नांची गल्लत झालेली दिसते. पेप्टाइड नमुन्यात खरोखर होते काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर संख्याशास्त्र देऊ शकते. उलट क्रमाने लिहिलेले बनावट अनुक्रम संग्रहात मिसळले की चुकीच्या जुळण्यांचे प्रमाण अंदाजता येते. १ टक्क्याच्या मर्यादेत स्वीकारलेल्या १,००० जुळण्यांपैकी सुमारे १० चुकीच्या असणे अपेक्षितच असते. ते पेप्टाइड कोणाचे, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्याही गुणांकात नसते. २०१७ मध्ये मायकेल बकली व सहकाऱ्यांनी दाखविले, की डायनासोरचे म्हणून नोंदलेले हे सर्व अनुक्रम शहामृगाच्या हाडातील कोलॅजनच्या विदेशीही जुळतात. मूळ गटाने आधुनिक हाडेही अभ्यासली होती. म्हणून दूषणाची शंका बळावते. तथापि ती सिद्ध होत नाही. पक्षी हे डायनासोरचेच वंशज असल्याने असे साम्य दोन्ही पक्षांना सारखेच अपेक्षित आहे. जो पुरावा दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, तो निर्णायक मानता येत नाही.

पेव्झनर यांचा आक्षेप पहिल्या प्रश्नापुरता होता आणि बर्न यांच्या विश्लेषणाने त्याचे बव्हंशी निरसन झाले. दुसरा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. वर्णपट खुले झाले नसते, तर हा भेदही उघड झाला नसता. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात संगणकाने दिलेली प्रथिनांची यादी स्वीकारण्यापूर्वी मूळ वर्णपट, चुकीच्या जुळण्यांचे प्रमाण आणि कोरा नियंत्रण-नमुना या तिन्हींची मागणी करणे, हे मार्गदर्शकाचे किमान कर्तव्य ठरते.