दुसरीच्या आवाजात बोलणारी गिटार

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला गंमतीचा आहे, पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. तुमच्याकडे एकच गिटार आहे. संगणकावर एक सॉफ्टवेअर टाकलं, बटण दाबलं, आणि तीच गिटार स्ट्रॅटोकास्टरसारखी वाजू लागली. दुसरं बटण दाबलं, की लेस पॉल. तिसऱ्याला चक्क अकूस्टिक. आता यातला 'सारखी' हा शब्द कितपत खरा, एवढंच आज तपासायचं आहे.

कल्पना जुनी आहे. १९९५ साली रोलँड कंपनीचं व्हीजी-८ आलं. पुढे लाइन ६ची व्हेरिअ‍ॅक्स गिटार आली. या दोन्हींत एक गोष्ट समान होती: प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलला जायचा. सहा तारा, सहा वाटा. आता मात्र ब्ल्यू कॅट ऑडिओच्या 'री-गिटार'सारखी नुसती सॉफ्टवेअर्स आहेत. त्यांना साधी गिटार, साधी केबल पुरते. सहाही तारांचा आवाज एकत्र मिसळूनच आत येतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळी मेख इथेच आहे.

गिटारचा आवाज कशाने ठरतो? लाकडाबद्दल लोक हमरीतुमरीवर येतात, तो वाद आज बाजूला ठेवू. पिकअप कुठे बसवलंय, हे मात्र निर्विवाद महत्त्वाचं. स्ट्रॅटोकास्टरचं मानेजवळचं पिकअप साधारण चोविसावा पडदा असता तिथे येतं, म्हणजे ब्रिजपासून तारेच्या लांबीच्या एक चतुर्थांशावर. शाळेतला निस्पंद बिंदू आठवतोय? मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू नेमका तिथेच असतो. तार तिथे त्या स्वरासाठी हलतच नाही, म्हणून पिकअपला तो स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. आवाजात एक खाच पडते. त्या पिकअपच्या ओळखीच्या गोलाव्यात या खाचेचा मोठा वाटा आहे.

आता समजा, माझ्या गिटारला फक्त ब्रिजजवळचं पिकअप आहे आणि सॉफ्टवेअरने मला तो गोलावा द्यायचाय. म्हणजे त्याने ती खाच पाडली पाहिजे. कुठे? सगळ्यात जाड तारेसाठी ३३० हर्ट्झच्या आसपास. सगळ्यात बारीक तारेसाठी १३२० हर्ट्झच्या आसपास. प्रत्येक तारेची खाच निराळी. आणि गंमत बघा, ३३० हर्ट्झ म्हणजे बारीक मोकळ्या तारेचा मूळ स्वरच! जाड तारेसाठी खाच पाडायला गेलात, तर बारीक तारेचा पायाच कापला जातो. व्हीजी-८ला ही अडचण नव्हती, कारण तिथे तारा वेगळ्या होत्या. एकत्र आलेल्या आवाजात सॉफ्टवेअरला तडजोड करावी लागते. सरासरी काढावी लागते. म्हणून एकेक स्वर छेडला तर नक्कल पटते, पण सहा तारांचा मोकळा कॉर्ड वाजवला की काहीतरी सपाट वाटतं. मी घरी असंच एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं, तेव्हा कानाला नेमकं हेच जाणवलं.

उलट दिशेने तर आणखी कठीण. पिकअपने जो स्वर उचललाच नाही, तो वाढवणार कशाचा? व्यवहारात खाच अगदी शून्य नसते, थोडं काहीतरी उरतं. पण ते वाढवलं की सोबत खरखरही वाढते.

इथे आपल्या तानपुऱ्याची आठवण येते. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तानपुरा आणि वीणेबद्दल लिहिलं. नियम असा, की तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा निस्पंद बिंदू असेल, तो स्वर उमटू नये. पण या वाद्यांत तो उमटतो, असं त्यांनी दाखवलं. कारण घोडीचा वक्र माथा, आपली जवारी. म्हणजे नसलेला स्वर आणता येतो. पण तो तारेवर, वाद्यातच आणावा लागतो. मागाहून वरून शिंपडता येत नाही.

मग हे सॉफ्टवेअर टाकाऊ आहे का? अजिबात नाही. ज्या मुलाला दुसरी गिटार कधीच परवडणार नाही, त्याला घरात बसून दहा आवाज चाचपता येतात, ही छोटी गोष्ट नाही. भरपूर डिस्टॉर्शन लावलं, बाजूला ड्रम्स वाजत असले, तर मी आत्ता सांगितलेले बरेच फरक बुडून जातात. माझी तक्रार बटणावरच्या नावाशी आहे. त्या मुलाने खरी लेस पॉल कधी ऐकलेलीच नाही. त्याचा कान त्या बटणावर घडतो, आणि सरासरीलाच तो मूळ समजू लागतो.

शेवटचं उदाहरण, आणि ते मुंबईचं आहे. रोलँडचं टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारची नक्कल करायला काढलं होतं. नक्कल फसली, १९८४ला उत्पादनही थांबलं. पण हिंदी चित्रपटसंगीतात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली त्याच यंत्राचा वापर करून डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. त्यात बास गिटार शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. पुढे शिकागोत याच यंत्रातून अ‍ॅसिड हाउस उभं राहिलं. दोन्हीकडे वाजवणाऱ्यांनी त्या यंत्राला 'तू बास गिटारसारखं वाज' असं म्हटलं नाही. ते जसं वाजत होतं, तसं त्यांनी ऐकलं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: हे सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण एकदा बटणावरचं नाव झाकून ऐका. तो आवाज तुम्हाला तरीही हवासा वाटला, तर तो तुमचा. आणि फक्त नावामुळेच हवा असेल, तर आपण आवाज ऐकत नाही, पाटी वाचतोय.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.